खंबाटकीत पद्मिनी बसते : पॉइंट नवा, कॉन्डेन्सर नवा, प्लग नवे, तरी गरम झाली की मिसिंग

कंदीपेढा (सातारा)

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट लिहिलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहिते.

दीड महिन्यापूर्वी पुण्यात एका आजोबांकडून १९८६ची प्रीमियर पद्मिनी घेतली. पाटी अजून 'एम'वाली तीन अक्षरी, एमएच यायच्या आधीची. रंग कागदोपत्री पांढरा, प्रत्यक्षात साय धरलेल्या चहासारखा. शेवटची तीन वर्षं गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती. विकायच्या आधी आजोबांच्या मुलानं एका गॅरेजमधून 'सगळं करून' घेतलं. नवे प्लग, नवा सी.बी. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा), नवा कॉन्डेन्सर, डेल्कोची (प्लगना करंट वाटणाऱ्या डब्याची) नवी टोपी, नवा रोटर, टाकी उतरवून धुतली, नवी बॅटरी. बिल बघितलंय मी. चावी देताना आजोबांनी डिकीतला पत्र्याचा बिस्किटांचा डबा दाखवला, "काढलेलं सामान यात आहे, टाकू नका." मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी साडेसहाला पुण्यातून निघाले. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, शिरवळ, सगळं झकास. पंचावन्न-साठचा स्पीड, खिडकी खाली, शेजारी नवरा थर्मासमधला चहा ओततोय. साताऱ्याकडचं खंडाळा सोडून खंबाटकी घाट चढायला लागलो आणि पाच-सात मिनिटांत गाडीनं पहिला झटका दिला. मग दुसरा. तिसरा गिअर टाकला, दुसरा टाकला, रेस दिली की पुढे जायच्या ऐवजी फुरफुरायची. मागे ट्रकची रांग आणि हॉर्न. मग एक जोरात फटाका, आणि बंद. कडेला घेतली. बॉनेट उघडून एका ट्रकवाल्यानं सांगितल्याप्रमाणे एसी पंपावर (म्हणजे इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर) ओलं फडकं ठेवलं. पंधरा-वीस मिनिटांनी एका सेल्फमध्ये सुरू! वर चढलो, सुरूरला उतरलो, वाढे फाट्याच्या अलीकडे परत तेच. शेवटचे चार किलोमीटर टोचन करून घरी. शेजाऱ्यांनी बाल्कनीतून बघितलं. असो.

आता लक्षणं. गार असताना चोक ओढला की लगेच सुरू होते. चोक पूर्ण आत ढकलला तर आयडलला उभी राहत नाही, अर्धा ओढलेला ठेवावा लागतो, गरम झाल्यावरसुद्धा. सपाटीला वीस-पंचवीस किलोमीटर बरी चालते. चढ लागला किंवा गावातल्या गर्दीत दहा मिनिटं थांबत थांबत गेलं की मिसिंग सुरू. गार झाली की पुन्हा जणू काही झालंच नाही.

साताऱ्यात दोन मिस्त्री झाले. दोघांनीही मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं माझ्या नवऱ्याकडे बघून दिली. नवरा शाळेत संस्कृत शिकवतो, डिपस्टिक ही त्याला स्वयंपाकघरातली वस्तू वाटते. पहिल्यानं कार्बोरेटर खोलून जेट फुंकले. फरक शून्य. दुसऱ्यानं एसी पंपात नवं किट टाकलं. फरक शून्य. आता तो म्हणतो, "साहेब, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवावं लागेल." मी गेज आणून स्वतः कॉम्प्रेशन बघितलं, चारही सिलिंडर १२० ते १३० पीएसआयच्या मधे आहेत. रिंगा गेलेल्या इंजिनाचे आकडे असे असतात का?

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. मीटर वापरता येतो, हात काळे करायची तयारी आहे. इंजिन उतरवायच्या आधी काय काय तपासू? आणि आधी काय?


विसाचा_पाढा

ताई, उत्तर एका ओळीत : ई-२०. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. ही इंजिनं बनली तेव्हा पेट्रोलमध्ये पेट्रोलच असायचं. इथेनॉल जुनं रबर खातं, पाणी ओढून घेतं आणि गाडी तीन वर्षं उभी असेल तर टाकीच्या तळाला पाणी वेगळं होऊन बसतं. त्यात घाटात बॉनेटखाली उष्णता. पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो. फडकं ठेवल्यावर सुरू झाली म्हणजे व्हेपर लॉकच, दुसरं काही नाही. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसवा, विषय संपला.


घाटमाथा

विषय संपला कसा? ई-२० सगळ्यांच्याच गाडीत आहे. माझी ८९ची पद्मिनी महिन्यातून एकदा कोल्हापूर-आंबा घाट करते, होसपाइप बदलल्यापासून कुरकुर नाही. टाकीच्या झाकणाचं भोक बंद असलं तरी असंच होतं हे मात्र तपासा. बंद पडली की लगेच झाकण उघडा, 'फस्स' आवाज आला तर टाकीत हवा जात नाहीये.


नवी_गाडी_घ्या

जेवढे पैसे मिस्त्रींना देताय तेवढ्यात सेकंडहँड चांगली एसीवाली गाडी येते. माफ करा, पण हे प्रेम परवडत नाही. वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फीच आता १०,००० रुपये आहे. आणि तुमची पन्नास वर्षांची झाली नाही, म्हणजे 'विंटेज'मध्येही बसत नाही.


कंदीपेढा

@नवी_गाडी_घ्या, एसीवाली आहे घरात, नवरा चालवतो. ही माझी आहे.

@घाटमाथा, झाकण उघडून बघितलं होतं, फस्स नाही. होसपाइप बघते.


काळीपिवळी

ताई, उशिरा बघितलं. आमच्या वडिलांनी मुंबईत एकतीस वर्षं हीच गाडी काळ्यापिवळ्या रंगात चालवली आणि मी अकरा वर्षं कुर्ल्याला गॅरेजवर काढली, त्या कारखान्याच्या सावलीत म्हणा ना, जिथे तुमची गाडी बनली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ला पासिंग झाली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वडील असते तर जेवले नसते. असो, मुद्द्याचं बोलू.

पहिलं म्हणजे रिंगा विसरा. रिंगा गेलेली गाडी पंधरा मिनिटांत बरी होत नाही, आणि धूर दिसला असता. ते १०८९ सीसीचं इंजिन मूळचं १९३७ सालचं, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक. बैलासारखं आहे. अडवून अडवून वरचं सामान अडवतं, खालचं नाही.

दुसरं. फडक्यानं गाडी सुरू झाली असं सगळेच म्हणतात. फडकं नाही, पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत नुसता पंप गार होत नाही. कॉइल गार होते, डेल्को गार होतो, सगळंच होतं. म्हणजे फडक्यानं काही सिद्ध झालं नाही.

तिसरं, आणि हे तुम्ही लिहिलंय पण कुणी वाचलेलं दिसत नाही. फटाका. फटाका सायलेन्सरमधून आला की कार्बोरेटरच्या तोंडातून? पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी ओढ सोडते, मग कार्बोरेटरमधून शिंकते आणि झोपते, सभ्यपणे. मागून सायलेन्सरमधून बार निघतो तो करंट मधेच गेला आणि परत आला की. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं आणि पुढच्या ठिणगीबरोबर पेटतं. तुमचा कुठला?

आता काम सांगतो. घरी तपासून उपयोग नाही, गार गाडी खोटं बोलते. ती बंद पडायला हवी आणि बंद पडल्या क्षणी दोन गोष्टी बघायच्या, पाच मिनिटांच्या आत.

एक, एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या घशात बघा आणि हातानं रेस द्या. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली म्हणजे वाटीत पेट्रोल आहे. मग पंप, टाकी, होसपाइप, इथेनॉल, सगळ्यांना त्या वेळेपुरतं सोडून द्या.

दोन, एक जादा प्लग बरोबर ठेवा. कॉइलची मधली जाड वायर डेल्कोतून काढून त्या प्लगला लावा, प्लगचा पत्रा इंजिनला घट्ट टेकवा, कार्बोरेटरपासून लांब, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी म्हणजे करंट ठीक. पिवळी, दोऱ्यासारखी, मधेच गायब होणारी म्हणजे चोर सापडला. आधी पिचकारी, मग एअर क्लीनर परत बसवून ठिणगी. दोन्ही एकदम करू नका, पेट्रोल सांडलेलं असेल तर आयुष्यभराची अद्दल घडेल. आणि वायर हातात धरू नका.

आयडलचा प्रश्न वेगळा असू शकतो. जुन्या गाडीत एका वेळी एकच बिघाड असतो असं समजणारा मिस्त्री मी तरी बघितला नाही. पण आधी हे.


कंदीपेढा

काका, फटाका मागून! शंभर टक्के. मागच्या स्कूटरवाल्यानं मला शिवी दिली त्यावरून खात्री आहे.

शनिवारी करते.


कंदीपेढा

अहवाल.

खंबाटकीत परत जायची हिंमत नव्हती, म्हणून समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट धरला. बंद पडली तर उताराला सोडून घरी येता येईल हा हिशोब. आधी गावात अर्धा तास फिरवून तापवली. घाटात निम्म्यावर झटके, मग नेहमीचा फटाका, बंद.

नवऱ्याला स्टिअरिंगवर बसवलं. एअर क्लीनर मी आधीच सैल करून ठेवला होता. घशात टॉर्च मारून रेसचा दांडा ओढला, पेट्रोलची पिचकारी स्वच्छ उडाली. दोनदा ओढला, दोनदा उडाली. एअर क्लीनर बसवला. जुना प्लग उघड्या तांब्याच्या तारेनं इंजिनच्या बोल्टला बांधला, लॅबमध्ये बांधतो तसा, आणि म्हटलं मार सेल्फ.

काका, ठिणगी बघून मला वाईट वाटलं. नारिंगी, केसासारखी, तीन वेळा यायची आणि दोन वेळा दडी मारायची. देवळातल्या विझत आलेल्या समईसारखी. कॉइलला हात लावला, गरम होती पण हात ठेवता येत होता. मग आम्ही कठड्यावर बसून दाणे खाल्ले. अठरा मिनिटांनी पुन्हा तोच प्लग, तोच सेल्फ, आणि ठिणगी निळी, टक टक टक, उन्हातसुद्धा दिसणारी.

म्हणजे पेट्रोल सुटलं, करंट अडकला. पण मग अडचण अशी की करंटच्या बाजूचं सगळं नवं आहे. पॉइंट, कॉन्डेन्सर, टोपी, रोटर, प्लग. जुनी फक्त कॉइल आणि वायरी. कॉइल घेऊ का नवी?


कोव्हेंट्रीचा_कोकण्या

मधे तोंड घालतो. माझ्याकडे इथे इंग्लंडात १९६८चा मॉरिस मायनर आहे. सप्टेंबर २०२१ला इथे दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं तेव्हा आम्हीही प्रत्येक उचकीचं खापर त्याच्यावर फोडत होतो. माझ्याही गाडीची एक उचकी तीन महिने इथेनॉलच्या नावावर खपली. शेवटी निघाला कॉन्डेन्सर, आणि तोही नवा. इथल्या जुन्या गाडीवाल्यांत नव्या कॉन्डेन्सरवर कुणाचा भरवसा नाही. चालणारा जुना असेल तर लोक जपून ठेवतात.


काळीपिवळी

शाब्बास ताई. एवढं नीट काम आमच्या गॅरेजवरच्या पोरांनी केलं असतं तर मी कुर्ला सोडलं नसतं.

कॉइल थांबवा. डेल्कोची टोपी काढा, पॉइंट बोटानं उघडा आणि दोन्ही तोंडं भिंगातून बघा. गाडी नवा पॉइंट टाकल्यावर किती चालली? तीनशे-चारशे किलोमीटर? एवढ्यात तोंडं राखाडी, गुळगुळीत असायला हवीत. निळसर जळकी असतील, एका बाजूला टेकडी आणि समोर खड्डा असेल, तर कॉन्डेन्सर. कोकण्या म्हणतो तेच.

कॉन्डेन्सर काय करतो ते तुम्ही मला शिकवाल, पण इतरांसाठी लिहितो. पॉइंट उघडला की कॉइलमधला करंट थांबत नाही, तो उडी मारून पॉइंटमध्येच ठिणगी पाडायला बघतो. कॉन्डेन्सर ती उडी पोटात घेतो, म्हणून करंट झटक्यात तुटतो. जेवढ्या झटक्यात तुटतो तेवढी प्लगची ठिणगी जाड. कॉन्डेन्सर गळायला लागला की जी आग प्लगला हवी ती पॉइंटमध्ये लागते.

आणि तो बसलेला असतो डेल्कोला चिकटून, डेल्को इंजिनला चिकटून. खराब माल गार असताना साव, तापला की चोर. 'नवा आहे' हे उत्तर नसतं ताई, नवा म्हणजे फक्त अजून तपासलेला नाही. चालू गाडीतलं सगळं एकदम बदलणाऱ्याचा तर मला रागच येतो. पाच वस्तू बदलल्या, पाचांत एक वाईट निघाली, आता शोधा कुठली.

त्या आजोबांनी डबा दिला होता ना? जुना कॉन्डेन्सर त्यात असणार. माणूस हुशार दिसतोय.


कंदीपेढा

डबा! मी तो मागच्या सीटवरच्या गोधडीखाली ढकलून विसरूनच गेले होते.

उघडला. आत वर्तमानपत्रात वेगवेगळं गुंडाळलेलं : चार प्लग, रोटर, टोपी, पॉइंट, कॉन्डेन्सर. प्रत्येक पुडीवर पेनानं, थरथरत्या अक्षरात, 'चालू' किंवा 'बाद'. पॉइंटवर 'बाद'. प्लगवर 'दोन चालू'. कॉन्डेन्सरवर 'चालू'. खाली आणखी एक शब्द, 'कशाला?' मला एकटीलाच हसू आलं.

गाडीतला पॉइंट काढून लॅबमधल्या भिंगाखाली धरला. काकांनी लिहिलं अगदी तेच. एका तोंडावर मोहरीच्या दाण्याच्या निम्म्याएवढी टेकडी, समोर तेवढाच खड्डा, आणि कडेनं मोरपिशी निळं.

आता मला राहवेना. दोन्ही कॉन्डेन्सर कॉलेजात नेले. साध्या मीटरवर नवा ०.२४ मायक्रोफॅरड, जुना ०.२१. दोन्ही पास. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गरम पाण्याच्या बीकरमध्ये सोडले, थर्मामीटर लावला, ७० अंशांना परत मोजले. नव्याचा आकडा थोडा नाचला, पण मीटर तरी पासच म्हणत होता. मग डोक्यात प्रकाश पडला. मीटर मोजतो बॅटरीच्या चिमूटभर व्होल्टेजवर आणि पॉइंट उघडताना तिथे दोन-तीनशे व्होल्ट येतात.

कपाटात हँडल फिरवायचा जुना मेगर आहे (जास्त व्होल्टेज देऊन करंटची गळती बघायचं यंत्र), २५० व्होल्टचा. गार असताना दोघांचा काटा चढत जाऊन अनंताला टेकला. तापवून जुना लावला, किंचित खाली, स्थिर. तापवून नवा लावला आणि काटा वर चढता चढता धाडकन शून्याकडे पडला. परत वर, परत धाडकन. आत काहीतरी लागत होतं आणि सुटत होतं. बीकर ४० अंशांपर्यंत गार होऊ दिला, पुन्हा साव. तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी डिस्चार्ज करायला विसरले आणि बोट कोपरापर्यंत झणझणलं. अकरावीच्या पोरांना वर्षभर हेच सांगते मी, 'धारित्र हातात घेण्याआधी शॉर्ट करा.'

पॉइंट नवा आणला, गॅप फिलर गेजनं ०.४५ मिमी ठेवला, आजोबांचा जुना कॉन्डेन्सर बसवला. बाकी कशाला हात लावला नाही. काल संध्याकाळी यवतेश्वर पूर्ण चढले, वर वळवली, उतरले, लगेच पुन्हा चढले. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी, झटका एकही नाही, फटाका नाही. दुसऱ्या खेपेला समोर एसटी होती, तिच्या मागे पहिल्या-दुसऱ्यावर रांगत गेले, तरी नाही.

पण आयडल तसंच. अर्धा चोक ओढल्याशिवाय उभी राहत नाही.


काळीपिवळी

ते आजोबा माझ्या गॅरेजवर हवे होते.

आयडल : चोक लागतो म्हणजे मिक्स्चर पातळ. स्लो जेट तुमच्या मिस्त्रीनं फुंकलाय, मग कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. बहुतेक कार्बोरेटरच्या बुडातून. गाडी चालू ठेवून इंजेक्शनच्या सिरिंजमधून साधं पाणी कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर थेंब थेंब सोडा. लोक पेट्रोल नाहीतर स्प्रे मारतात, गरम सायलेन्सरच्या डोक्यावर, देव त्यांचं भलं करो. पाणी पुरतं. आवाज बदलला की तीच जागा.


कंदीपेढा

बदलला! फायरवॉलच्या बाजूच्या नटाजवळ चार थेंब पडले आणि इंजिन क्षणभर सुधारलं, पाणी ओढून घेतल्याचा सुर्र असा आवाजसुद्धा आला.

कार्बोरेटर काढला. बुडाच्या फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरून खिडकीकडे बघितलं, तर मधे उजेडाची फट. दोन्ही कान खाली वाकलेले, मधला भाग वर. फिलर गेजची ०.२० मिमीची पाती मधून आरामात जात होती. कुणीतरी नट जीव खाऊन आवळलेत, एकदा नाही, वर्षानुवर्षं. गळतंय म्हणून आवळायचं, आवळलं की आणखी वाकतं, आणखी गळतं.

@काळीपिवळी काका, सपाट कसा करू? मशीनवर द्यावा लागेल का?


घाटमाथा

मशीन नको. जाड काच घ्या, त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, थोडं ऑइल, आणि इंग्रजी आठच्या आकारात घासा. भोकांना आधी कापसाचे बोळे, नाहीतर भुकटी आत जाईल. मी आरशाच्या काचेवर केला होता, बायको अजून बोलते. खालचा बॅकेलाइटचा तुकडाही बघा, तोही वाकतो.


काळीपिवळी

बरोबर. फ्लँजवर आधी मार्करनं रेघा मारा, सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की थांबा, त्यापुढे एक हातही नको. गॅस्केट दोन्ही बाजूंना नवी. आणि नट आवळताना छोटा पाना घ्या, दोन बोटांनी, आलटून पालटून. मनगट वापरलंत तर पुढच्या वर्षी परत इथेच भेटू.


कंदीपेढा

झालं. लग्नाच्या फोटोची काच वापरली, फोटो तात्पुरता पाटीवर आहे. पाऊण तास घासला. पहिली पंधरा मिनिटं फक्त दोन कान चमकत होते, मधल्या रेघा जशाच्या तशा. मग चमक हळूहळू आत सरकत गेली. बॅकेलाइटचा तुकडाही तसाच घासला. बसवल्यावर चोक पूर्ण आत ढकलला आणि हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. उभी राहिली. मिक्स्चरचा स्क्रू आणि आयडलचा स्क्रू दोनदा आळीपाळीनं फिरवला, आता बाहेर उभं राहिलं तर फक्त पंख्याचा आवाज येतो.

@विसाचा_पाढा, तुमचाही मान ठेवते. टाकीकडून पंपाला येणारी होस काढून उभी चिरली, आतला थर साबुदाण्यासारखा फुगून सोलला होता. आत्ताचा आजार त्यानं झाला नव्हता, पण पुढचा झाला असता. इथेनॉलला चालणारी नवी होस टाकली.

जादा असावेत म्हणून पुण्याला नाना पेठेतून दोन कॉन्डेन्सर आणले. बीकर आणि मेगरमधून काढले, एक पास, एक नापास. पास झालेला पुडीत बांधून आजोबांच्या डब्यात ठेवला, वर तारीख आणि 'चालू'. आजोबांना फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "मी मुलाला म्हटलं होतं," आणि मग बराच वेळ घाटात दुसऱ्या गिअरवर तिचा आवाज कसा येतो ते विचारत राहिले. फोन गाडीजवळ नेऊन ऐकवला.

रविवारी पुणे गाठून संध्याकाळी परत आलो. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. जिथे बसलो होतो त्या वळणावर नवऱ्यानं थर्मास घट्ट धरला होता, तेवढंच.


रंगपेटी

ताई, तो मेगरचा प्रयोग फोटोसकट टाका ना. माझ्या लॅम्ब्रेटाला हाच रोग वाटतोय. तिच्यात मॅग्नेटो आहे, पण कॉन्डेन्सर तोच प्रकार ना?


कंदीपेढा

काम तेच. फक्त तुमचा फ्लायव्हीलखाली असतो, काढायला पुलर लागेल. फोटो सोमवारी लॅबमधून टाकते. हातात घ्यायच्या आधी शॉर्ट करा.

आणि काका, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर गरम झाल्यावर पहिल्यावरून दुसऱ्याला जाताना अडतोय. त्याचा वेगळा धागा काढते, तिकडे या.